मेलबोर्नची पाण्याखालची शर्यत

१९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकचे नाव निघाले की आमच्या वयाच्या माणसांना आधी हॉकी आठवते. अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानवर एका गोलाने मात केली आणि बलबीर सिंगांच्या संघाने सुवर्णपदक घरी आणले. फार तर फुटबॉल आठवतो: गोव्यात जन्मलेल्या नेव्हिल डिसोझाने यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले आणि भारत चौथा आला. सी. के. नायडूंच्या या आमच्या इंदूर गावात क्रिकेटखालोखाल हॉकी. पोहण्याच्या तलावाकडे कोण लक्ष देणार? तरीही त्याच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेलबोर्नच्या तलावात पुरुषांची २०० मीटर ब्रेस्ट स्ट्रोकची जी शर्यत झाली, तिच्याइतकी चमत्कारिक शर्यत ऑलिंपिकच्या इतिहासात फार थोडी सापडेल. माणसे शर्यत पाहायला आली होती, आणि जो गडी पहिला येत होता तो बहुतेक वेळ त्यांना धडपणे दिसतच नव्हता. तो पाण्याखाली होता.

त्याचे नाव मासारू फुरुकावा. जपानचा, वय वर्षे वीस. पन्नास मीटर लांबीच्या तलावात त्याला चार फेऱ्या मारायच्या होत्या. पहिल्या तीन फेऱ्यांत प्रत्येक वेळी भिंतीला पाय देऊन तो जो खाली गेला, तो जवळजवळ पंचेचाळीस मीटर खालूनच पोहत राहिला; शेवटच्या चारपाच मीटरांपुरता वर आला, श्वास घेतला, भिंत गाठली आणि पुन्हा खाली. चौथ्या फेरीतले निम्मे अंतरही त्याने असेच कापले. म्हणजे २०० मीटरांपैकी दीडशेहून अधिक मीटर हा मनुष्य श्वासावाचून पोहला. वेळ लागली २ मिनिटे ३४.७ सेकंद. दुसरा आला त्याचाच देशबंधू मासाहिरो योशिमुरा, पूर्ण दोन सेकंद मागे. तिसरा सोविएत रशियाचा खारिस युनिचेव्ह, योशिमुराच्या मागे एका सेकंदाचा दहावा हिस्सा. चौथा यजमानांचा टेरी गॅदरकोल. हे चौथे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे लागणार आहे.

आता कोणी विचारील की हे चालले कसे? ब्रेस्ट स्ट्रोक म्हणजे छातीवर पोहणे, आपण ज्याला बेडकासारखे पोहणे म्हणतो ते. त्यात माणूस पाण्याखाली गडप कसा होतो? उत्तर असे की त्या वेळच्या नियमांत तसे करण्याची मनाई नव्हती. दोन्ही हात एकाच वेळी, दोन्ही पाय एकाच वेळी, छाती खाली, खांदे समपातळीत, आणि हात पाण्यातूनच पुढे न्यायचे, एवढे सांगितले होते. हे सारे पाण्याखाली होते की पाण्यावर, याचा विचार नियम लिहिणाऱ्यांनी केला नव्हता. फुरुकावाने नियमाचे एकही अक्षर मोडले नाही. मात्र त्याच्या नंतर तसे कोणालाच करता आले नाही, कारण आंतरराष्ट्रीय संघटनेने नियमच बदलला.

ही शर्यत मला इतकी मोलाची का वाटते ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पोहण्याच्या चार प्रकारांत ब्रेस्ट स्ट्रोक सर्वांत जुना आणि सर्वांत धिमा. कॅप्टन मॅथ्यू वेब याने १८७५ साली इंग्लिश खाडी पोहून पार केली, ती याच चालीने, २१ तास ४५ मिनिटांत. इंग्रज सभ्य गृहस्थाला हीच चाल शोभते असे त्या काळी मानले जाई. हात पाण्याबाहेर काढून पाणी उडवीत जाणे त्यांना गावंढळ वाटे. पुढे शर्यतींचे युग आले. हात पाण्यावरून फेकणारी चाल कितीतरी वेगवान आहे हे उघड झाले, आणि ब्रेस्ट स्ट्रोक मागे पडला. त्याच्यासाठी मग स्वतंत्र शर्यत ठेवावी लागली, नाहीतर मोकळ्या शर्यतीत तो कोणी पोहलाच नसता. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक होल्मनने २०० मीटरची ही शर्यत ३ मिनिटे ९.२ सेकंदांत जिंकली.

म्हणजे या प्रकाराचा जन्मच मुळी अटीतून झाला. इतर शर्यतींत प्रश्न असतो, तू किती लवकर पोहोचतोस? येथे विचारतात, या अटी सांभाळून किती लवकर पोहोचतोस? आणि अट म्हटली की तिच्यातून निसटण्याची वाट शोधणारा आलाच.

धिमेपणाचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. बेडकाच्या चालीत माणूस एकदा पुढे जातो आणि लगेच स्वतःच स्वतःला अडवतो. हात मागे ओढून वेग आला, की ते हात पुन्हा पुढे न्यायचे, आणि तेही पाण्यातूनच. पाय मारायचे तर आधी गुडघे पोटाशी घ्यायचे, म्हणजे मांड्यांनी पाणी अडवले. गाडीचा ब्रेक दर दोन सेकंदांनी दाबावा आणि सोडावा तसला हा प्रकार. त्यात शरीर पाण्याच्या पृष्ठभागावर असेल तर पुढे लाट उठते, आणि ती लाट उठवण्यात शक्तीचा मोठा वाटा खर्च होतो. यावर दोनच तोडगे संभवतात. हात पाण्याबाहेरून पुढे न्यावेत, म्हणजे ते पाणी अडवणार नाहीत. किंवा सगळेच शरीर खोल न्यावे, म्हणजे लाट उठणार नाही. पोहणाऱ्यांनी हे दोन्ही तोडगे एकामागून एक शोधून काढले.

पण त्याही आधी, १९२८ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये, या शर्यतीवर दोन आशियाई माणसांनी आपली मोहोर उमटवली होती. जपानच्या नौदलातला योशियुकी त्सुरुता ॲम्स्टरडॅमला जिंकला, आणि पुन्हा लॉस एंजल्सलाही जिंकला. पोहण्यातले जपानचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण त्याचे. दोन्ही वेळा तिसरा आला तो फिलिपिन्सचा तेओफिलो इल्देफोन्सो. हा गडी पिद्दिग नावाच्या गावातल्या नदीत पोहायला शिकलेला, पुढे सैन्यात शिपाई झालेला. आग्नेय आशियाला मिळालेले पहिले ऑलिंपिक पदक त्याचे आहे. पृष्ठभागालगत राहून पोहण्याची त्याची लकब पुढच्या पिढ्यांनी वाखाणली. दुसऱ्या महायुद्धात तो जपान्यांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडला, बातानची ती कुप्रसिद्ध पायपीट त्याने निभावली, आणि १९४२ च्या जूनमध्ये कैद्यांच्या छावणीत मेला. ज्या देशाच्या पोहणाऱ्याशेजारी तो दोनदा पदक घ्यायला उभा राहिला, त्याच देशाच्या कैदेत. त्सुरुता १९८६ पर्यंत जगला. खेळाच्या इतिहासात अशा जागा येतात, तिथे माझे वाचन थोडा वेळ थांबते.

असो. पहिला तोडगा निघाला तो विसाच्या आणि तिसाच्या दशकांत. १९२८ साली त्सुरुताच्या मागे दुसरा आलेला जर्मनीचा एरिख राडेमाखर याने काही शर्यतींत हात पाण्यावरून पुढे टाकून पाहिले होते. पुढे अमेरिकेत हेन्री मायर्स याने १९३३ साली पंखांसारखे दोन्ही हात पाण्याबाहेर काढून अख्खी शर्यत पोहून दाखवली. नियम काय म्हणत होता? दोन्ही हात एकाच वेळी. हे तर एकाच वेळी होते! पंचांपुढे पर्याय नव्हता. फुलपाखरासारख्या दिसणाऱ्या त्या हातांना बटरफ्लाय हे नाव पडले, आणि हळूहळू ब्रेस्ट स्ट्रोकच्या शर्यतीत ब्रेस्ट स्ट्रोक पोहणारे दिसेनासे होऊ लागले. १९४८ साली लंडनला ही शर्यत अमेरिकेच्या जो व्हर्ड्यूरने जिंकली. दुसरे आणि तिसरेही अमेरिकनच, आणि अंतिम फेरीत बहुतेकांचे हात फुलपाखराचे, पाय तेवढे बेडकाचे. १९५२ साली हेलसिंकीत ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिस तसाच पोहून २ मिनिटे ३४.४ सेकंदांत पहिला आला. हा डेव्हिस पुढे अमेरिकेत न्यायाधीश झाला, आणि रॉडनी किंग या काळ्या माणसाला मारहाण करणाऱ्या पोलिसांचा १९९३ चा गाजलेला खटला त्याच्याच समोर चालला. कायद्याचे शब्द आणि कायद्याचा हेतू यांतले अंतर त्याला तरुणपणीच पाण्यात कळले असावे, असा एक विनोदी विचार माझ्या मनात येतो.

हेलसिंकीनंतर संघटनेने फारकत केली. बटरफ्लाय निराळा, ब्रेस्ट स्ट्रोक निराळा. हात पाण्यातूनच पुढे आले पाहिजेत असे ठरले. धाकटा भाऊ वेगळा निघाला आणि त्याचे भाग्य उघडले: मेलबोर्नला २०० मीटर बटरफ्लाय पहिल्यानेच ठेवला गेला, तेव्हा अमेरिकेच्या विल्यम यॉर्झिकने माशाच्या शेपटीसारखे पाय मारीत तो २ मिनिटे १९.३ सेकंदांत संपवला. थोरला भाऊ मात्र जुन्या घरात जुन्या अटींसह राहिला. त्याला आता दुसरा तोडगा सुचला. वरून जाता येत नाही ना? मग खालून.

फुरुकावा हा वाकायामा प्रांतातल्या हाशिमोतो गावचा. या छोट्या गावचे नशीब मोठे विलक्षण आहे. की नावाची नदी गावाजवळून वाहते, आणि याच गावची हिदेको माएहाता ही १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची २०० मीटर ब्रेस्ट स्ट्रोक जिंकून सुवर्णपदक मिळवणारी पहिली जपानी स्त्री ठरली. ती या नदीतच पोहत वाढली. तिच्या शर्यतीचे रेडिओवरचे वर्णन जपानात आजही सांगतात. वर्णन करणारा निवेदक भान हरपून तिला नावाने हाक मारमारून जोर लावायला सांगत राहिला, वर्णन बाजूलाच राहिले. वीस वर्षांनी त्याच गावचा मुलगा त्याच अंतराच्या, त्याच प्रकारच्या शर्यतीत पहिला आला. पण मेलबोर्नच्या निवेदकाची अवस्था काय झाली असेल? माएहाताच्या वेळी बोलायला हाताचा प्रत्येक मार होता, मान वर येणे होते, बाजूच्या पट्ट्यातली जर्मन मुलगी होती. फुरुकावाच्या वेळी पाण्याची पाटी कोरी.

पाण्याखाली तो करीत काय होता? पाण्यावर पोहताना ब्रेस्ट स्ट्रोकमध्ये हात छातीपाशी येतात आणि परत पुढे जातात, कारण तोंड वर काढून श्वास घ्यायचा असतो. पाण्याखाली श्वासाची भानगडच नाही. तेव्हा हात थेट मांड्यांपर्यंत ओढायचे, अंग काठीसारखे सरळ करायचे आणि त्या ओढीवर सरकत राहायचे; मग सावकाश हात पुढे घेऊन एक लाथ, पुन्हा सरकणे. मोजके हात, मोजक्या लाथा, आणि वर लाटेचा अडथळा नाही. फुलपाखराच्या हातांनी डेव्हिसने चार वर्षांपूर्वी जी वेळ नोंदवली होती, तिच्या तीन दशांश सेकंदांपर्यंत फुरुकावा जुन्या बेडकी हातांनी पोहोचला तो यामुळे. याला चलाखी म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. छातीत आग पेटलेली असताना हात सावकाश ओढायचा, घाई करायची नाही, ठरलेल्या जागेआधी वर यायचे नाही, हे ज्याला जमते तो मनुष्य साधा नव्हे. मी त्याच्या पदकाला एका मिलिग्रॅमनेही कमी लेखणार नाही.

पण ज्या गोष्टीने त्याला जिंकवले, तीच गोष्ट धोक्याची होती.

आमचे मामा महेश्वरला राहत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पाचसहा मावस-मामेभाऊ तिकडे जात असू, आणि अहिल्याबाईंच्या घाटावर पाठीला पत्र्याचा डबा बांधून आम्हाला नर्मदेत सोडले जाई. डबा सुटला की मुलगा मोठा झाला. मग सूर, मुटके, आणि शेवटी ती पैज, जी नदीकाठच्या प्रत्येक गावात मुले लावतात: पाण्याखाली कोण जास्त टिकतो, कोण खालून जास्त लांब जातो. मामा स्वतः पट्टीचे पोहणारे. ते पायरीवर बसून मोठ्याने आकडे मोजत. "वीस म्हटले की डोकी वर आली पाहिजेत रे! एकविसावा आकडा मी म्हणायचा नाही आणि तुम्ही ऐकायचा नाही." आम्हाला याचा राग येई. आपली छाती पस्तीसपर्यंत टिकते हे ज्याला त्याला ठाऊक असे. वर आल्यावर आम्ही कुरकुर केली, की मामा काही समजावून न सांगता सरळ कपडे घालायला लावत. त्या दिवसाचे पोहणे संपले.

त्यांच्या वीस आकड्यांमागचे शास्त्र मी पुढे वाचले. श्वास घ्यावासा वाटतो तो रक्तातला प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे. कर्बवायू वाढल्यामुळे छाती आतून धक्के देऊ लागते. बुडी मारण्याआधी जोरजोराने पाचदहा श्वास घेतले की कर्बवायू बाहेर टाकला जातो, म्हणून धक्का उशिरा बसतो. मुलाला वाटते आपला दम वाढला. दम वाढलेला नसतो, सूचना देणारी घंटा तेवढी बंद पडलेली असते. प्राणवायू संपत जातो, आणि घंटा वाजण्यापूर्वीच माणूस शुद्ध हरपतो. काही यातना नाही, हातपाय झाडणे नाही, काठावरच्याला वाटते अजून पोहतोच आहे. चांगले पोहणारेच असे जातात, कारण न येणाऱ्याला भीती वेळीच वर आणते. जे घरातले मूल तलावावर जाते, त्या घरात हे एवढे ठाऊक असावेच.

आता जगभरातल्या तलावांत पोरे ऑलिंपिक विजेत्याचे अनुकरण करणार हे उघड होते. विजेता जर दीडशे मीटर श्वासावाचून पोहतो, तर चौदा वर्षांचा मुलगाही तेच करून पाहणार. प्रेक्षकांना शर्यत दिसत नाही ही तक्रार होती, पंचांना खाली हातपायांचे काय चालले आहे ते नीट दिसत नाही हीही होती. पण माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीसुद्धा तो नियम बदलणे योग्य ठरले असते. १९५७ पासून उडीनंतर आणि प्रत्येक वळणानंतर पाण्याखाली एकच हात, एकच लाथ. पुढे सारी शर्यत डोके पाण्याच्या वर.

याचा परिणाम मोठा वाचनीय आहे. जागतिक विक्रम नव्याने मोजणे भाग पडले, आणि ते हळू निघाले. १९५८ साली गॅदरकोलने, मेलबोर्नला चौथा आलेल्या त्या ऑस्ट्रेलियनाने, विक्रम केला तो २ मिनिटे ३६.५ सेकंदांचा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा बिल मलिकन पहिला आला, त्याला लागली २ मिनिटे ३७.४ सेकंद. म्हणजे रोमचा विजेता मेलबोर्नच्या विजेत्याहून पावणेतीन सेकंद मागे! चार वर्षांत माणसे दुबळी झाली नव्हती. त्यांच्याकडून उसनी घेतलेली सवलत तेवढी परत घेतली होती.

मला येथे आपल्या संगीताची आठवण होते. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. गवयाच्या गळ्यात ते स्वर नाहीत असे थोडेच आहे! पण ते लावले की राग दुसरा झाला. तो सुंदर असेल, पण भूप नव्हे. शिकाऊ विद्यार्थ्याला पाच स्वरांत कोंडल्यासारखे वाटते. उस्तादाला मात्र त्या पाचांत तासभर नवे काही सापडत राहते, आणि ते सापडते ते वाट अडवलेली आहे म्हणूनच. देशकाराचे स्वरही तेच पाच; चालीने, वादी-संवादीने तो निराळा राहतो. बटरफ्लायला वेगळे नाव देणे म्हणजे नव्या रागाला नाव देणे होते. आणि पाण्याखालचे दार बंद करणे म्हणजे वर्ज्य स्वर पुन्हा वर्ज्य करणे.

दारे बंद झाल्यावर पोहणारे उरलेल्या पाच स्वरांकडे वळले. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातले शिक्षक जेम्स कौन्सिलमन यांनी पायांची लाथच तपासली. जुनी लाथ रुंद, गुडघे फाकवून मारायची. त्यांनी गुडघे जवळ ठेवून घोट्यापासून चाबकासारखी आवळ लाथ बसवली, आणि हातांची लय वाढवली. त्यांचा शिष्य चेट जास्ट्रेम्स्की १९६१ साली १०० मीटर १ मिनिट १० सेकंदांच्या आत पोहणारा पहिला मनुष्य झाला. मग १९६४ चे टोकियो आले. ऑस्ट्रेलियाचा इयन ओब्रायन, वय अवघे सतरा, पहिला आला: २ मिनिटे २७.८ सेकंद. पाण्यावरून, डोके वर ठेवून, फुरुकावापेक्षा जवळजवळ सात सेकंद आधी. आणि या मुलाला तयार करणाऱ्या शिक्षकांपैकी एक होता टेरी गॅदरकोल. पाण्याखालून जिंकलेल्यांच्या मागे चौथा राहिलेल्या माणसाच्या शिष्याने आठ वर्षांनी तोच जमाखर्च पाण्यावरून चुकता केला, आणि तोही जपानच्या राजधानीत. फुरुकावाच्या देशबांधवांनी ते पाहिले असेल तेव्हा त्यांना काय वाटले असेल?

मेक्सिकोची १९६८ ची शर्यतही सांगितल्याशिवाय राहवत नाही, जरी तिचा नियमांशी फारसा संबंध नाही. यजमान देशाला पोहण्यात सुवर्ण कधीच मिळाले नव्हते. फेलिपे मुन्योस हा त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा. त्याचे वडील आग्वासकालिएन्तेसचे, म्हणजे 'ऊन पाण्या'च्या गावचे. आई रिओ फ्रिओची, म्हणजे 'थंड नदी'ची. म्हणून मित्रांनी त्याचे नाव ठेवले 'तिबिओ', कोमट! हा कोमट गडी शेवटच्या पन्नास मीटरांत असा तापला, की जागतिक विक्रमवीर रशियाचा व्लादिमिर कोसिन्स्की मागे पडला. २ मिनिटे २८.७ सेकंद. सारा मेक्सिको रडला म्हणतात, आणि यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

नियमांचे आणि पोहणाऱ्यांचे हे लपंडावाचे खेळ तिथे थांबले नाहीत. १९८७ साली डोके क्षणभर बुडले तरी चालेल, मात्र प्रत्येक हाताबरोबर ते एकदा पाण्याबाहेर आले पाहिजे, अशी सूट दिली गेली. तिचा लाभ घेऊन हंगेरीचे शिक्षक योझेफ नॉज यांनी लाटेसारखी उसळून झेपावणारी चाल बसवली, आणि त्यांचा अमेरिकन शिष्य माइक बॅरोमन १९९२ साली बार्सिलोनाला २ मिनिटे १०.१६ सेकंदांत जिंकला. २००४ साली अथेन्सला जपानच्या कोसुके किताजिमाने १०० मीटर जिंकली, तेव्हा त्याने वळणानंतर पाण्याखाली माशासारखी एक लाथ चोरून मारली असा अमेरिकन गोटातून आरडाओरडा झाला. निकाल बदलला नाही. पुढच्याच वर्षी तशी एक लाथ सर्वांनाच मोकळी केली. २०१२ साली लंडनला दक्षिण आफ्रिकेच्या कॅमेरॉन व्हॅन डर बर्गने १०० मीटर विक्रमी वेळेत जिंकली आणि एकाहून अधिक लाथा मारल्याचे पुढे स्वतःच मुलाखतीत सांगून टाकले. सगळेच मारतात, असे त्याचे म्हणणे.

येथे फुरुकावाशी तुलना केल्यावाचून मला राहवत नाही. तो जे करीत होता ते हजारो डोळ्यांदेखत करीत होता, आणि नियमाने त्याला ते करू दिले होते. चोरटी लाथ पंचांच्या नजरेआड मारली जाते, आणि नियम ती मारू नका म्हणत असतो. दोघेही पाण्याखालीच; पण एकाला मी खुशाल घरी जेवायला बोलावीन, दुसऱ्याबद्दल थोडा विचार करीन.

३१ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या लेऑं मार्शां या बावीस वर्षांच्या तरुणाने संध्याकाळी २०० मीटर बटरफ्लाय जिंकला, १ मिनिट ५१.२१ सेकंदांत. दोन तास व्हायच्या आत तो पुन्हा तलावाशी आला आणि २०० मीटर ब्रेस्ट स्ट्रोक जिंकला, २ मिनिटे ५.८५ सेकंदांत. हेलसिंकीनंतर वेगळे निघालेले दोघे भाऊ त्या रात्री एकाच माणसाच्या अंगात नांदले. एकाच ऑलिंपिकमध्ये ही दोन्ही सुवर्णे कोणी घेतलेली नव्हती. वाचकांना आणखी एक गंमत सांगतो. मार्शांचे खरे बळ पाण्याखालीच आहे. प्रत्येक भिंतीनंतर त्याला मिळते तेवढेच जे सर्वांना मिळते, एक हात आणि दोन प्रकारच्या एकेक लाथा. तेवढ्यात तो इतरांच्या पुढे निघून वर येतो. त्या रात्रीचे चित्रण मी दोनदा पाहिले. ब्रेस्ट स्ट्रोकमध्ये श्वासासाठी त्याचे डोके पाण्याबाहेर आले, की सारे प्रेक्षागार एका आवाजात ओरडे; डोके खाली गेले की गप्प; वर आले की पुन्हा ओरडे. चार फेऱ्या हेच चालू होते.